शमीमच्या टाकीचं विरजण

शमीम, तुझा डबा माझ्याकडेच राहिला.

तोच, श्रीखंडाचा पांढरा, निळ्या झाकणाचा. मुळात तो तुझा की माझा, हे आता कोणी सांगू शकणार नाही. समोरासमोरच्या आपल्या दोन घरांमध्ये त्यानं इतक्या खेपा घातल्या की त्याच्यावरचं चित्रसुद्धा पुसून गेलं. पण शेवटची खेप तुझ्याकडून आली होती, म्हणजे परत पाठवायची पाळी माझी. हिरवी लव धरलेला एक दगडाचा तुकडा तू त्यात घालून पाठवला होतास. मी तो माझ्या टाकीत ठेवला, डबा धुऊन फळीवर पालथा घातला, आणि आता यात तुला काय पाठवावं याचा विचार करत बसले. मासा पाठवायचा नव्हता. माशावरूनच तर आपलं वाजलेलं होतं. मी विचारच करत राहिले, आणि तू यवतमाळच्या दवाखान्यात जाऊन पडलीस.

तिथून तुझा फोन आला. तुझ्या लेकानं, इरफाननं लावून दिला असणार. मी विचारलं, "कशी आहेस व?"

"थे जाऊ द्या ताई. पहिले सांगा, माझा स्पंज कोणी नळाखाली धुतला तर नाही ना?"

"नाही धुतला, माय. तू पडून राह्य."

"अन् पिवळ्या माशाचं काय ठरवलं?"

"त्याचं नाव नको काढू माझ्याजवळ."

"बरं. मी घरी आली की भांडू."

आलीस, पण भांडायच्या कामाची राहिली नव्हतीस. आणि माझं उत्तर माझ्याजवळच राहून गेलं.

म्हणून हे लिहायला बसले. समोर असतीस तर ओसरीवर उभं राहून बोलून मोकळी झाले असते, कागद कशाला लागला असता? माझी शाळा सातवीपर्यंतची. पुढचं जे काही आलं ते वाचून, ऐकून आणि तुझ्याशी वाद घालून आलं. तेव्हा बोलते तशीच लिहिणार. तुझी मध्येमध्ये बोलायची सवय आहे, तेवढी जागा सोडत चालले आहे.

लोकांना सांगितलं तर हसतात. बाभुळगावात कुठून आला समुद्र? जिकडं पाहावं तिकडं कपाशी अन् तूर. आपण दोघींनी तर समुद्र पाहिलेलाही नव्हता. पुढं तू मक्केला, उमऱ्याला गेलीस तेव्हा विमानातून पाहिलास. आल्याबरोबर मी विचारलं, कसा असतो गं? तर म्हणालीस, "वरून नुसतं निळं कापड दिसते ताई. खारट आहे का गोड, काही समजत नाही." मी अजूनही पाहिलेला नाही. पण तुझ्या बैठकीत, शिलाई मशीनच्या बाजूला, दोन फुटांच्या काचेत तो होता की नाही? मला तेवढा पुरला.

गल्लीच्या तोंडाशी भाड्यानं राहणाऱ्या बँकेच्या साहेबांची ती टाकी. टाकीची मोटर ते इरफानच्या वायंडिंगच्या दुकानात आणायचे, तेवढीच ओळख. बदली झाली, सामानाच्या गाडीत टाकी नेता येईना, तेव्हा तुझ्या घरी आणून मांडली. आत दोनच मासे, नारिंगी, अंगावर पांढरे पट्टे. मी तेव्हा तुझ्याकडं ब्लाऊज टाकायला आले होते. साहेब निघताना आपल्या दोघींना सांगून गेले, "खारं पाणी नाजूक असतं. दोन गोष्टी लक्षात ठेवा. फिल्टरमधले बॅक्टेरिया सांभाळा. आणि टाकी लहान आहे, गर्दी करू नका."

तू पहिली गोष्ट धरलीस आणि मी दुसरी. तिथून जे भांडण सुरू झालं ते तुझ्या दवाखान्यातल्या खाटेपर्यंत पोचलं.

पहिलं मीठ आठवतं? साहेबांचं पाकीट संपल्यावर आपण किराण्यातलं खडेमीठ टाकलं. "मीठ काय डोंगरातून येते? समुद्रातूनच येते ना," तू म्हणालीस, आणि मी शहाणीनं मान हलवली. मग बोट बुडवून पाणी चाखलंस, वरण चाखावं तसं. "जमलं." मासे दगडामागे जाऊन बसले ते बाहेर येईचनात. साहेबांना फोन लावला, झालेलं सांगितलं. मग त्यांनी नागपूरच्या दुकानाचा पत्ता दिला. तिथून बसनं ते वेगळं मीठ आलं, जारवाल्याचं पाणी आलं, खारटपणा मोजायची तरंगती काचनळी आली. तेव्हापासून तुझं चाखणं बंद झालं. माझ्यासमोर तरी बंद झालं.

बॅक्टेरिया म्हणजे काय, हे मला तूच समजावलंस. मासे खातात, घाण करतात, ती घाण पाण्यात विष होते. आणि स्पंजात, दगडाच्या भोकाभोकांत राहणारे, डोळ्याला न दिसणारे जीव ते विष खाऊन पाणी राहण्याजोगं करतात. एवढं साहेबांनी सांगितलेलं. पण तुझं सांगणं वेगळं.

"म्हंजे पाहा ताई, बॅक्टेरिया म्हंजे घरातल्या बाया. कोणाले दिसत नाही, अन् सगळं साफ करते."

"बायाही थकते, शमीम. पाहुणे किती बसवशील?"

"पाहुणे वाढले की बायाही वाढते. दोन सुना येते घरात."

"अन् त्या दोन सुना झोपतीन कुठं?"

आत तुझी सून रुबीना पोळ्या लाटत होती. मारेगावकडची पोरगी, नुकतीच लग्न होऊन आलेली, तोंडातून शब्द काढत नसे. त्या दिवशी मात्र स्वयंपाकघरातून फिस्सकन हसल्याचा आवाज आला, आणि तू तिकडं पाहून डोळे वटारलेस, तेही खोटे खोटे.

मग मलाही टाकी घ्यावीशी वाटली. का, तर तुझी चूक तुला दाखवायला. मोजकेच मासे ठेवून, मोकळी टाकी करून दाखवते म्हटलं. पण नव्या टाकीत ते जीव येणार कुठून? मी म्हणाले, दुधाला लावतो तसं विरजण लागेल ना याला. तू टाळी वाजवलीस. "हेच! तुमी आता समजल्या." संध्याकाळी मी तुझ्या दारात उभी राहिले, तुझ्या फिल्टरमधल्या स्पंजाचा एक तुकडा दे म्हणून. तू घड्याळाकडं पाहिलंस.

"तुमच्यात दिवे लागल्यावर विरजण देत नाही ना ताई? सकाळी या."

आणि दार लावून घेतलंस! आतून तुमचं दोघींचं हसणं बाहेरपर्यंत ऐकू येत होतं.

सकाळी स्पंजाचा तुकडा आला. तुझ्याच टाकीच्या पाण्यात बुडवलेला, या श्रीखंडाच्या डब्यात. आणि इथं सगळा घोळ झाला. कारण डबा रिकामा परत करायचा नाही, ही रीत तुझ्या घरीही आणि माझ्या घरीही. ईदेला तुझा शीरखुर्मा यायचा, भांड्यात माझ्या करंज्या जायच्या. पण टाकीचं पाणी ज्यात आलं त्या डब्यात खायचं कसं घालायचं? मग काय घालायचं? माझी टाकी लागती झाल्यावर मी नागपूरहून पार्सल मागवलं. बसस्टँडवर थर्मोकोलचा डबा उतरला, फुगवलेल्या पिशव्यांत मासे. त्यातला एक निळा, चमचमता, मी तुझ्या डब्यात घालून पाठवला. एकच. डबा रिकामा जाऊ नये म्हणून.

तू काय गप्प बसणार? पुढच्या पार्सलमधून डब्यात काळ्या पट्टेवाल्या माशांची जोडी माझ्याकडं. मग माझ्याकडून वाळू उकरणारा मासा, आपला मिस्त्री. तुझ्याकडून लाल झिंगा. माझ्याकडून एक लहानसा हिरवा. दोघींनाही थांबता येईना. गर्दी नको म्हणून जिवाचं रान करणारी मी, आणि तुझी टाकी भरत होती माझ्याच हातानं. आमच्या घरचे हे पेपरातून मान वर करून एकदाच बोलले, "एवढे मासे घरात, अन् ताटात एकही नाही."

तो निळा पुढं तुझ्या टाकीचा ठाणेदार झाला. नाव तूच ठेवलंस. आख्खी डावी बाजू त्याची. कोणी तिकडं फिरकलं की धावून जायचा, साहेबांच्या नारिंगी जोडीलासुद्धा सोडायचा नाही. त्यातल्या मोठीला आपण मालकीण म्हणायचो, लहान तो मालक. मालकीण त्याला उलटून टोचायची, तेव्हा कुठं गडी मागं सरायचा. मी म्हणायचे, "पाह्य, मारामाऱ्या होऊन राह्यल्या. जागा कमी आहे." तू शांतपणे सुईत दोरा ओवत विचारायचीस, "ठाणेदार कोणाच्या घरून आला, ताई?" मग मला चहाच आठवायचा.

मे महिन्यातली ती दुपार मी मरेपर्यंत विसरणार नाही. वादळानं लाईनचे खांब पाडले, लाईट गेली ती गेली. इरफान कोणाची तरी बोअरची मोटर काढायला शेतात गेलेला. आधी इन्व्हर्टरवर चाललं, मग तोही बसला. मोटर थांबली, पाणी थांबलं, आणि मासे वर येऊन तोंडं उघडू-मिटू लागले. पाणी हललं नाही तर त्यात हवा मिसळत नाही; मासे तर मासे, स्पंजातले जीवही गुदमरतात. माझ्या टाकीत गर्दी नव्हती म्हणून ती तग धरून होती. तुझी भरलेली.

मी आले तेव्हा तू दुखऱ्या गुडघ्यांनी स्टुलावर बसून तांब्यानं टाकीतलं पाणी काढत होतीस आणि उंचावरून पुन्हा टाकीत ओतत होतीस. चहा गार करतात तसं. मी दुसऱ्या बाजूनं स्टूल ओढलं, दुसरा तांब्या घेतला. रुबीना बर्फ झालेल्या बाटल्या आणून पाण्यात सोडत होती. आणि आपण दोघी घामानं निथळत, ओतत, भांडत बसलो.

"कुठं गेले व तुझे बॅक्टेरिया? आता करा म्हणा साफसफाई."

"दम लागला त्याहिले. तुमी टाका."

"दोन मासे असते तर लागला असता काय दम?"

"लाईटवाल्याचा राग माझ्यावर कायले काढता?"

"लाईट जाणारच. हे काय मुंबई आहे? जे लाईट जायच्या गावात राह्यते त्यानं तेवढंच पाळावं जेवढं हातानं वाचवता येते."

"मंग वाचवून राह्यलो ना हातानं! थांबल्या काहून? टाका ना!"

असरची अजान झाली. तू तुझा तांब्या माझ्या दुसऱ्या हातात दिलास. "इकडलंही पाहा ताई, मी नमाज पढून येते." मी दोन्ही हातांनी ओतत राहिले. आतल्या खोलीतून तुझ्या उठण्या-बसण्याचा आवाज येत होता, गुडघे कुरकुरल्याचाही. त्या वेळी, शमीम, मला एकदम वाटलं की आपल्या भांडणात जिंकणं-हरणं काही नाहीच. हे मासे जगावेत आणि तू लवकर परत येऊन मला टोचून बोलावंस, एवढंच मला पाहिजे होतं. हे मी तुला कधी बोलले नाही. तू आलीस, ओढणी डोक्यावर तशीच, आणि पहिलं वाक्य काय? "डाव्या हातानं पाणी सांडलं तुमी."

उन्हं कलल्यावर कूलर खडखडला, टाकीत दिवा लागला, आणि तू "या अल्ला" म्हणून माझ्या खांद्यावर डोकं टेकवलंस. ओली, घामेजलेली, हसत.

दुसऱ्या दिवशी मी आले तर तो लहानसा हिरवा दिसेना. तुझ्या अंगणातल्या मेंदीच्या झाडाखाली माती नुकतीच उकरून सारखी केलेली होती. तू काही सांगितलं नाहीस. मीही विचारलं नाही. विचारलं असतं तर मी जिंकले असते, आणि मला त्या दिवशी जिंकायचं नव्हतं.

एवढं होऊनही तुझी खुमखुमी गेली नाही ती नाहीच. नागपूरच्या दुकानदारानं मोबाईलवर पिवळ्या माशाचा फोटो पाठवला आणि तू त्या पिवळ्यावर भाळलीस. येता-जाता मोबाईल माझ्या नाकासमोर.

"हळदीसारखा आहे पाहा. एकच घेते."

"तो हाताच्या पंजाएवढा होते शमीम. त्याले दिवसभर पोहाले लागते. तुझ्या टाकीत त्यानं काय करावं? दोन शेपट्या मारल्या की काच."

"मी अजून एक फिल्टर लावतो म्हणते इरफान. पाणी आरशासारखं राह्यते मंग."

"पाण्याचं कोण म्हणते? मी जागेचं म्हणून राह्यली."

तू कात्री खाली ठेवलीस. असं तू क्वचितच करायचीस.

"ताई, तुमी अन् मी नाही राह्यलो काय? लग्न करून या गल्लीत आलो, इथंच म्हाताऱ्या झालो. इकडून तुमचं घर, तिकडून माझं. दोन शेपट्या मारल्या की संपली गल्ली. काय कमी पडलं आपल्याले?"

 मी म्हटलं, माझं दूध उतू जाऊन राह्यलं, आणि निघून आले. दूधबीध काही नव्हतं गॅसवर. नंतर तो हिरव्या लवेचा दगड आला डब्यातून. रुसवा काढायला पाठवला होतास, हे मला कळलं होतं. मग दवाखाना, मग तो फोन.

तुला शेवटचं नेलं त्या दिवशीचं मी लिहीत नाही. ते सगळ्यांनी पाहिलं. मी फक्त एवढं सांगते, की बैठकीत बायका कुराण पढत बसल्या होत्या, आणि टाकीतला ठाणेदार काचेला येऊन येऊन बाहेर पाहत होता. तुझ्या मशीनच्या खुर्चीकडं. कोणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. मी उठून मशीनच्या खणातून दाण्याची डबी काढली आणि चिमूटभर टाकलं. रुबीना सगळ्यांतून माझ्याकडं पाहत होती. तिचे डोळे रडून रडून सुजलेले. बाजूला येऊन, मावशीला बोलावं तसं हळूच म्हणाली, "खाला, चिमूट मोठी झाली. अम्मी याच्या अर्धी टाकत होती."

तिसऱ्या दिवशीची जियारत, तुझ्यासाठीची दुआ, आटोपली आणि खुर्च्यावाला भाड्याच्या खुर्च्या न्यायला आला. चळत फिरवताना खुर्चीचा पाय टाकीच्या खालच्या कोपऱ्याला लागला. कोणाला वाटलं नाही काही. दुपारी रुबीना धावत माझ्या दारात.

"खाला! अम्मीची टाकी गळून राह्यली!"

पालथा घातलेला डबा मी फळीवरून ओढला आणि निघाले. तुझ्या उंबऱ्यावर पाय ठेवला तेव्हा समजलं. शमीम, इतक्या वर्षांत तो डबा पहिल्यांदाच तुझ्या घरी रिकामा आला. दुसरं काही सुचलंच नाही मला.

बैठकीत पाण्याचा ओघळ पार मशीनच्या पायाखाली गेलेला. कोपऱ्यात तडा, आणि पाणी थेंबानं नाही, धारेनं जात होतं. नवी टाकी करेपर्यंत मासे थांबणार नव्हते. जागा एकच, माझी टाकी. तुझ्या टाकीएवढीच लहान. तिच्यात आधीच माझे मोजके मासे, पट्टेवाल्यांची जोडी आणि तो लाल झिंगा. त्यात आता तुझे सगळे? तू असतीस तर मी किती मोठ्यानं बोलले असते, पाह्य, मी म्हणत नव्हती? पण तू नव्हतीस, आणि माझ्या हातात जाळी होती.

"पहिले मासे काढू ना, खाला?" रुबीनानं विचारलं.

"पहिले फिल्टर. टाकीच्याच पाण्यात बुडवून ठेव. स्पंज सुकू देऊ नको."

बोलून गेले आणि थांबले. हे माझं वाक्य नव्हतं.

मग आम्ही दोघी गल्ली ओलांडत राहिलो. तिच्या हातात बादली, बादलीत तुझा फिल्टर. माझ्या हातात डबा, डब्यात आधी मालकीण आणि मालक, मग मिस्त्री, आणि सगळ्यांना पळवून पळवून शेवटी सापडलेला ठाणेदार. तुझे दगड ओल्या फडक्यात गुंडाळून आणले. माझ्या टाकीवर माझा फिल्टर होताच, त्याच्या बाजूला तुझा टांगला. दोन मोटरींचा आवाज एका टाकीत. हे म्हणाले, "आता यात पाणी कुठं आहे?"

मी रोज सकाळी काचेच्या नळीत टाकीचं पाणी घेऊन औषधाचे थेंब टाकत होते. पिवळं राहिलं तर पाणी चांगलं, हिरवं झालं तर विष. एवढ्या गर्दीत पाणी एका दिवसात हिरवं होणार याची मला खात्री होती. नळी हलवायची आणि खिडकीशी उजेडात धरायची. पहिल्या दिवशी पिवळं. दुसऱ्या दिवशीही पिवळं. मी थेंब जुने झाले असतील म्हणून नवी बाटली मागवली. पिवळं.

पिवळंच राहिलं, शमीम. तुझ्या बाया थकल्या नाहीत. तुझ्या घरून आल्या, नव्या घरी लागल्या कामाला, आणि सगळ्यांचं केलं. मी खिडकीशी नळी धरून उभी होते आणि रडू आलं, ते नुसतं दुःखाचं नव्हतं. तू बरोबर होतीस म्हणून बरं वाटत होतं, आणि ते तुला सांगता येत नव्हतं.

पण थांब, लगेच कंबरेवर हात ठेवू नको. पुढचं ऐक. पाणी आरशासारखं आणि आत रोज तमाशा. ठाणेदारानं आल्या आल्या डावी बाजू बळकावली. माझ्या पट्टेवाल्यांपैकी एकाची शेपटी कुरतडून काढली. तो बिचारा फिल्टरच्या मागं उभ्याउभी राहायचा, खायलाही येत नव्हता. मिस्त्रीला वाळू उकरायला कोपरा मिळेना. पाणी स्वच्छ म्हणून काय झालं? राहायला जागा लागते ती लागतेच. तेव्हा मीही बरोबर होते. हेही तुला सांगता येत नव्हतं.

फिल्टरमागं अंग चोरून उभ्या त्या पट्टेवाल्याकडं पाहताना तुझ्या त्या प्रश्नाचं उत्तर मला सापडलं. आपल्याला गल्लीत काही कमी पडलं नाही, हे खरं आहे. पण का नाही पडलं? माझ्या घरात माझा जीव कोंडला की मी तुझ्या घरी येत होते. तुझं कोणाशी बिनसलं की तू माझ्या ओसरीवर येऊन तूर निवडत बसत होतीस. गल्ली दोन शेपट्यांची होती, पण तिला दोन दारं होती, समोरासमोर. माशाला कोणाच्या घरी जाता येतं? त्या पिवळ्याच्या समोर शमीम राहत नव्हती. म्हणून मी नको म्हणत होते. एवढंच होतं माझं उत्तर. तू कात्री खाली ठेवलीस तेव्हाच द्यायला पाहिजे होतं.

आता माझ्या समोरचं दार उघडतं तेव्हा मी अजूनही मान वर करते. रुबीना झाडायला येते. मग मी भाजी चिरायला लागते.

परवा ती इकडं आली. म्हणाली, इरफाननं काच कापून आणली, टाकी चिकटवली, सुकली. मी म्हटलं, "कोणासाठी गं?" तर म्हणाली, "अम्मीची जागा रिकामी चांगली नाही दिसत, खाला. मशीन मी चालवून राह्यली, टाकीही चालवते म्हटलं." मग मान खाली घालून, "अर्धा फूट लांब केली. पिवळ्यासाठी नाही हं. तुमी म्हणत होत्या म्हून."

मी तिला बसवलं. चहा ठेवला. मिठाचं पाणी तिनं आधीच तयार केलेलं होतं, काचनळीनं मोजून. मी सगळं विचारलं आणि तिनं सगळं सांगितलं. म्हटलं, "ठाणेदाराले पहिले घेऊन जा व, माझ्या पट्टेवाल्याचा जीव सुटू दे." तर काय म्हणाली माहीत आहे?

"नाही खाला. त्याले पहिले सोडला तर पूर्ण टाकी आपल्या बापाची समजते तो. पहिले विरजण द्या अन् दगड. थे लागले की मालकीण-मालक. ठाणेदार सगळ्यात मागून. तोवर त्याच्या अन् पट्टेवाल्याच्या मधात एक दगड उभा करा, म्हंजे त्याले दिसणार नाही."

"कोणी शिकवलं व तुले?"

"कोणी नाही. पोळ्या करता करता तुमच्या दोघींचं ऐकत होती ना."

घे, शमीम! आपण एकमेकींना ऐकवत होतो, आणि ऐकत होती ही.

निघताना तिनं फळीकडं पाहिलं. "डबा कुठाय?" मी उतरवून दिला. तिनं घेतला नाही. तशीच उभी राहिली, हात मागं बांधून, अगदी तू उभी राहायचीस तशी. "रिकामा कसा नेऊ? मागच्या वेळीही तो रिकामाच आलता." पाहिलं होतं तिनं. तडकलेल्या टाकीपुढं, पाण्याच्या चिखलात, एवढ्या गडबडीत पाहिलं होतं.

मी बाही सरकवून टाकीत हात घातला. तुझ्या फिल्टरमधला स्पंज काढला, तो तपकिरी, बुळबुळीत, तुझ्याशिवाय कोणाला सुंदर न वाटणारा. कात्रीनं बरोबर अर्धा केला. टाकीचंच पाणी डब्यात घेतलं, त्यात तो बुडवला, वर तुझा हिरव्या लवेचा दगड ठेवला, झाकण लावलं. दिवेलागणी व्हायला आली होती. मी खिडकीबाहेर पाहिलं, रुबीनानंही पाहिलं.

"आज चालते," मी म्हटलं. "घेऊन जा."

ती डबा दोन्ही हातांनी धरून गल्ली ओलांडून गेली. तुझ्या बैठकीत दिवा लागला आणि थोड्या वेळानं मोटरीचा आवाज सुरू झाला. मी दारातच उभी होते.

डबा आता तुझ्या घरी आहे, शमीम. पाळी तुमची. रिकामा येणार नाही, हे मले माहीत आहे. फक्त थो पिवळा मासा नको पाठवू, माय. एवढं माझं ऐक.